सुपातला चिंचोका

"शेपटीकडून मोज गो, शेपटीकडून! डोक्याकडून काय मोजतेस?"

सिस्टर क्लेमेन्सा माझ्या सुपावर वाकल्या होत्या. वाकल्या ते आपले सवयीने, दिसत त्यांना काहीच नव्हतं. उजव्या हाताची दोन बोटं सुपातल्या वालांवरून उलटी सरकत होती, शेवटच्या दाण्याकडून पहिल्याकडे.

"नो... ता... आणि हे काय? हा चिंचोका 'ता'वर कोणी बसवला? बोल बघू तो शब्द."

"अस्-पेत्-ता-नो," मी म्हटलं.

"अरे देवा! अस् नाही, पोरी. 'अ' वेगळा सोड, मग 'स्पेत्' अख्खा. अ-स्पेत्-ता-नो. तू 'अस्' म्हटलंस तर तिकडच्या माणसांना वाटेल, हिला उचकी लागली. पाणी आणून देतील तुला!" आणि त्यांनी टेबलावर बोटाने ठोकून दाखवलं. पहिल्याला हलकं, दुसऱ्याला जोरात, मग दोनदा हलकं. "आता फिलू. तू सांग गो."

फिलू बाजूलाच उभी होती. सिस्टरांनी तिचा हात ओढून घेतला, तळहात उताणा केला आणि त्या तळहातावर तेच चार ठोके दिले. फिलूने डोळे मिटले आणि शब्द असा म्हटला, जसा तिच्या बापजाद्यांपासून तो घरात बोलला जात होता. सिस्टर हसल्या. त्यांचे वरचे दोन दात पडलेले होते, ते हसताना दिसायचं.

माझ्या वेळी टेबल आणि फिलूच्या वेळी तळहात. हे मी पहिल्या आठवड्यातच हेरलं होतं. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय ते. मला विचारा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

ही सुपांची भानगड काय ते आधी सांगते. साल एकोणसत्तर. वसईच्या बाजूला केळीच्या वाड्यांमध्ये आमचं कॉन्व्हेंट. मी आणि फिलोमेना, म्हणजे फिलू, दोघी एकोणीस वर्षांच्या, सिस्टर व्हायला आलेल्या नवशिक्या. उत्तर इटलीतल्या आमच्या मूळ मठाने एक मुलगी मागवली होती. तिने तिकडे जायचं, चार वर्षं त्यांच्या इस्पितळात नर्सिंग शिकायचं. जागा एकच, उमेदवार दोघी. इटालियन शिकवायला सिस्टर क्लेमेन्सा. त्या मूळच्या तिकडच्याच, पण चाळीस वर्षं आमच्यात राहून वाडीतल्या बायकांसारखं मराठी बोलायच्या. डोळे गेल्यावर वह्या तपासणार कशा? म्हणून त्यांनी ही युक्ती काढली. क्रियापद तोडायचं, दर तुकड्याला सुपात एक वाल ठेवायचा, आणि जिथे जोर पडतो तिथे वालाऐवजी चिंचोका. एका ओळीत एक शब्द. त्या बोटांनी वाचायच्या, शेपटीकडून, कारण त्या भाषेत जोर शेवटून मोजला की सापडतो.

आपल्या जिभेला त्या भाषेचा जोर सापडत नाही, कारण आपण शब्दाला असं एका जागी ठोकत नाही. एकटा माणूस बोलतो तेव्हा 'पार्ला', जोर 'पार्'वर. पुष्कळ जण बोलतात तेव्हा 'पार्लानो'. मागे शेपूट वाढलं, पण जोर तिथेच, 'पार्'वर. आपल्याला मात्र 'ला'वर जाऊन बसायची घाई. आणि 'आम्ही बोलतो' म्हटलं की 'पार्लियामो', तिथे जोर खुशाल पुढे सरकतो. सिस्टर म्हणायच्या, "आम्ही म्हटलं की हलायचं, ते म्हटलं की जागचं हलायचं नाही. एवढं लक्षात ठेवलंत तरी पोप तुम्हाला चहाला बोलावतील."

मी हे सगळं पाठ केलं. रात्रंदिवस घोकलं. माझ्या बाबांनी गावभर सांगून ठेवलं होतं, आमची आग्नेस इटलीला निघाली म्हणून. लग्नघरी, बाजारात, चर्चच्या पायरीवर, जिथे भेटेल त्याला. फिलूने काहीच पाठ केलं नाही. ती बेटावरच्या मच्छीमारांची पोर, शाळा जेमतेम सातवी. पण तिला कान होता. होडी वल्हवताना म्हणायची गाणी तिला शेकड्याने यायची. ती म्हणायची, "अगं आग्नेस, वल्हं कुठे पाण्यात टाकायचं ते जसं कळतं ना, तसंच आहे हे. मोजायचं कशाला?"

मोजायचं कशाला! माझी बोटं मोजून मोजून दुखायला आली होती.

एकदा मी तिला विचारलं, "तुला एवढं कशाला जायचंय गं? तिकडे मासळी मिळत नाही म्हणतात."

ती लगेच हसली नाही. म्हणाली, "माझी आय बाळंतपणात होडीतच गेली. वसईला आणता आणता. मी वल्ह्यावर होते, अकरा वर्षांची. काय करायचं ते होडीत कोणालाच ठाऊक नव्हतं. मला ते शिकायचंय." मग हसून म्हणाली, "मासळीचं बघू नंतर."

हे ऐकल्यावर माझं मन वितळायला हवं होतं. नाही वितळलं. उलट वाटलं, हिच्याकडे कारणसुद्धा माझ्याहून मोठं आहे.

खरं सांगू? इटली राहिली बाजूला. मला सलायचं ते वेगळंच. सिस्टर फिलूला नुसत्या पावलांवरून ओळखायच्या, मी आले की "कोण आहे?" विचारायच्या. चॅपलला जाताना त्यांना फिलूचाच हात लागायचा. एकदा फिलू तापाने आडवी होती, म्हणून मी माझा हात पुढे केला. तो धरून त्या चालल्या, पण सबंध वाटभर दुसऱ्या हाताने भिंत चाचपत होत्या. फिलूबरोबर चालताना त्यांनी कधी भिंत धरली नाही. ती वाट माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे.

मार्च उजाडला आणि आमच्या मदर म्हणाल्या, आता एक परीक्षा घेऊ. मदर मंगळूरच्या, मोठ्या शिस्तीच्या. इटालियन त्यांना फारसं येत नसे. म्हणाल्या, "तोंडी नको. सुपं मांडा. दहा शब्द. सिस्टर वाचतील, आम्ही सगळ्या बघू. उद्या कोणी पक्षपात झाला म्हणायला नको."

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही दोघींनी मागच्या व्हरांड्यात बाकावर सुपं मांडली. फिलूच्या सुपाच्या काठाला लाल दोरा गुंडाळलेला होता, माझं साधं. ती माझ्या आधी उठली. दहा ओळी मांडायला तिला रांगोळीचे ठिपके द्यावे तेवढाही वेळ लागला नाही. कोंबड्या तोंड घालतील म्हणून दोन्ही सुपांवर पंचे झाकले आणि सगळ्या रोझरीला चॅपलमध्ये गेल्या. माझी माळ व्हरांड्यात राहिली होती. खरंच राहिली होती, मुद्दाम ठेवली नव्हती. ती आणायला मी परत आले.

माळ घेतली. आणि मग पंच्याचं टोक उचललं.

फिलूच्या दहाच्या दहा ओळी बरोबर होत्या. मी दोनदा मोजल्या, शेपटीकडून. माझ्या सुपात एक ओळ चुकली होती हे मला तेव्हाच तिचं सूप बघून कळलं. ती मी आधी दुरुस्त केली. तिथे थांबले असते तरी चाललं असतं. पण नाही थांबले. तिच्या सुपात 'देसिदेरानो' होतं, म्हणजे 'त्यांना हवं असतं'. दे-सि-दे-रा-नो, जोर 'सि'वर. आपल्या माणसाची जीभ हमखास 'रा'वर जाते. मी चिंचोका 'सि'वरून उचलून 'रा'वर ठेवला आणि तिथला वाल 'सि'वर. तसंच आणखी दोन ओळींत केलं. ज्या चुका कोणीही करील, नेमक्या त्याच मी निवडल्या. एक नमो मारिया म्हणायला लागतो तेवढ्यात सगळं उरकलं. पंचा झाकला आणि चॅपलमध्ये जाऊन फिलूच्या शेजारी गुडघे टेकले. तिने माझ्यासाठी जागा राखून ठेवली होती.

चार वाजता सुपं आत आणली. टेबलाशी मदर, भिंतीला लागून बाकीच्या सिस्टर, आम्ही दोघी समोर. माझं सूप आधी. सिस्टर क्लेमेन्सांची बोटं दहा ओळींवरून फिरली. "बरोबर. सगळं बरोबर," त्या म्हणाल्या. आवाजात आश्चर्य होतं, तेही मला झोंबलं.

मग लाल दोऱ्याचं सूप. पहिल्या तीन ओळी भराभर झाल्या. चौथीवर बोटं थांबली. मागे गेली, परत पुढे आली. तो चिंचोका त्यांनी बोटाने हळूच दाबून पाहिला. मग त्याच्या आधीचा वाल, मग परत चिंचोका. मला वाटलं, आता म्हणतील, हे फिलूचं नव्हे.

"दे-सि-दे-रा-नो," त्या सावकाश म्हणाल्या. जोर 'रा'वर. "हे असं आहे इथे."

फिलू पुढे आली. तिने वाकून पाहिलं. "हे मी ठेवलं?"

"सूप तुझंच ना?" मदरने विचारलं.

"हो. माझंच." ती त्या चिंचोक्याकडे बघत राहिली. "माझाच हात चुकला असेल."

पुढे आणखी दोन चुका निघाल्या. सिस्टरांनी त्या वाचून दाखवल्या, सुपावर पंचा ओढला, आणि एवढंच म्हणाल्या, "बरं."

सेंट जोसेफच्या सणाला मदरने नाव वाचलं. माझं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फिलूने मला मिठी मारली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "तिकडून मला सगळं लिहून कळव हं. बाळंतपणाचं तर सगळ्यात आधी." निरोपाच्या दिवशी सिस्टर क्लेमेन्सांनी माझ्या कपाळावर क्रूस काढला. तेव्हाही त्यांचा दुसरा हात फिलूच्या खांद्यावर होता.

मी लिहिलं नाही. पहिल्या वर्षी दोन पत्रं, ती हवापाण्याची.

चार वर्षांचं नर्सिंग झालं, मग तिकडेच ठेवून घेतलं. इकडची खबर येत राहायची. मदरने नंतर फिलूला मुंबईच्या इस्पितळात नर्सिंगला पाठवायचं ठरवलं, तर ती नको म्हणाली. म्हणे, माझं डोकं परीक्षेत घसरतं, तुम्ही पाहिलंत ना. ती स्वयंपाकघरात राहिली आणि सिस्टर क्लेमेन्सांकडे राहिली. अकरा वर्षं. त्यांना न्हाऊमाखू घालायची, भरवायची, हात धरून फिरवायची. त्या गेल्या तेव्हा त्यांचं डोकं तिच्याच मांडीवर होतं, असं पत्रात होतं. मी ते पत्र वाचून रडले. सगळ्यांना वाटलं, शिष्या गुरूसाठी रडतेय. मी मांडीसाठी रडत होते.

पंच्याऐंशी साली माझी पाठ गेली आणि मला वॉर्डातून उचलून मूळ मठाच्या कचेरीत बसवलं. जगभरून आलेली जुनी पत्रं देशवार लावायची, एवढंच काम. हिंदुस्थानच्या खोक्यात सिस्टर क्लेमेन्सांचं एक पत्र निघालं. अक्षर वाकडंतिकडं, ओळी एकमेकींवर चढलेल्या, आंधळ्या माणसाने स्वतः लिहिलेलं. तारीख, अकरा फेब्रुवारी एकोणसत्तर. परीक्षेच्या आधी तीन आठवडे.

पत्र थोड्याच ओळींचं होतं. मला ते पाठ आहे. मराठीत सांगते.

"आदरणीय मदर, इथे दोन मुली आहेत. फिलोमेनाला जो कान आहे तसा मी चाळीस वर्षांत पाहिला नाही. तुम्ही तिलाच मागाल, हे मला ठाऊक आहे. पण मला दिसत नाही, आणि फिलोमेनाचा हात धरला की आपण पडू असं मला वाटत नाही. फिलोमेनाला मी माझ्यासाठी ठेवून घेते. इथल्या मदर कदाचित परीक्षा घेतील. तिचा निकाल काहीही लागो, तुम्ही आग्नेसचं नाव कळवा, ती कष्टाळू आहे. हा माझा स्वार्थ आहे. देवाने मला क्षमा करावी, आणि फिलोमेनाला हे कधी कळू नये."

मी तारीख पुन्हा पाहिली. म्हणजे मी ते चिंचोके हलवले नसते तरी मीच जाणार होते. पाप केलं ते फुकट. आणि मी जिंकले म्हणून गेले नव्हते, नको होते म्हणून पाठवली गेले होते. आणखी एक गोष्ट कळली. त्या दिवशी बोटं थांबली होती ती उगीच नव्हे. सिस्टरांना कळलं होतं की फिलूचा हात असा चुकत नाही. पैजेवर सांगते. पण ती चूक त्यांनाही सोयीची होती. म्हणून नुसतं "बरं."

ते पत्र मी परत खोक्यात ठेवायला हवं होतं. नाहीतर फिलूला पाठवायला हवं होतं. तिला लिहायला हवं होतं, की बाई, तू नापास झाली नव्हतीस, तुझं डोकं कुठेही घसरलं नव्हतं. मी ते प्रार्थनेच्या पुस्तकात घातलं. मध्ये दोनदा सुट्टीवर आले, दोन्ही वेळा फिलूने मला आपल्या हातचं कालवण वाढलं, दोन्ही वेळा पत्र माझ्या पिशवीत होतं. नाही दिलं. दिलं असतं तर तिला कळलं असतं, की लाडकी ती होती. एवढी एकच गोष्ट तिच्याकडे नव्हती, आणि ती माझ्या मुठीत होती. लाज वाटते सांगताना, पण मूठ उघडवत नव्हती.

शेवटी दोन हजार अकरा साली मला कायमचं परत पाठवलं. म्हाताऱ्या सिस्टरांनी आपापल्या देशी जावं, असं ठरलं होतं. मागचा व्हरांडा तोच. सिस्टर फिलोमेना बाकावर बसून मोड आलेले वाल सोलत होती, दुपारच्या बिरड्यासाठी. केस पांढरे, पाठ माझ्याहून ताठ.

"बस," ती म्हणाली. "हात लाव जरा. तिकडे बसून बसून बोटं विसरली नाहीत ना?"

मी बसले. दोन-चार वाल सोलले. मग तिने सहज म्हटलं, "खालच्या वस्तीत परवा एक बाळंतपण अडलं होतं. मला बोलवायला आले. मी म्हटलं, मला कुठे येतं, मी स्वयंपाकीण. तू असतीस तर." तिने वालाचं साल बाजूला टाकलं. "बरं झालं तू गेलीस आणि शिकून आलीस. मी गेले असते तरी मला जमलं नसतं. तीन ओळी धड मांडता आल्या नाहीत मला."

बेचाळीस वर्षं झाली होती आणि तिला ओळींची संख्या पाठ होती.

मी पुस्तकातून पत्र काढलं. म्हटलं, "ऐक." आणि वाचलं. इटालियनमध्येच वाचलं. ती सोलता सोलता थांबली. तिसऱ्या वाक्याशी तिने डोळे मिटले. "ला तेंगो पेर मे," तिला मी माझ्यासाठी ठेवून घेते, या शब्दांशी तिने मांडीवरचा तळहात उताणा केला. मुद्दाम नव्हे, आपोआप.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

तीनदा वाचलं.

"कधीपासून आहे हे तुझ्याकडे?"

"सव्वीस वर्षं."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "पण परीक्षा तर नंतर झाली. माझे चिंचोके चुकलेच होते ना?"

इथे मी गप्प बसू शकले असते. पत्र वाचून दाखवलं होतं, तेवढ्यावर पुण्य पदरात पाडून घेता आलं असतं. मी मान खाली घालून म्हटलं, "ते मी हलवले होते, फिलू. रोझरीच्या वेळी. तू बरोबर मांडले होतेस, दहाच्या दहा. तुला कधी शंका नाही आली?"

"नाही," ती म्हणाली. "तू होतीस ना तिथे. माझ्या शेजारी."

ती शिव्या देईल, रडेल, उठून जाईल, असं मला वाटलं. तिने परातीतून पाच वाल निवडले, सालासकट, आणि बाकावर ओळीने मांडले. चिंचोका नव्हता, म्हणून आपल्या माळेचा एक सुटा मणी खिशातून काढून दुसऱ्या वालाच्या जागी ठेवला. "दे-सि-दे-रा-नो," ती म्हणाली. अगदी तसाच, बापजाद्यांपासून घरात असल्यासारखा. "हाच ना?"

"हाच."

"मग बेचाळीस वर्षं मी हा शब्द तोंडात घेतला नाही, तो काय म्हणून?" परात उचलून ती आत गेली. दुपारी पंगतीत तिने मला बिरडं वाढलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळी खालच्या वस्तीत कोणाचं तरी मूल बघायला गेली, एकटीच. आमच्यात बोलणं परत सुरू व्हायला वर्ष गेलं, आणि ते पहिल्यासारखं कधी झालं नाही.

पत्र तिने मागितलं नाही. मी दोनदा पुढे केलं, तर म्हणाली, "मी ऐकलंय. ठेव तुझ्याकडे."

ती गेल्या वर्षी वारली. मी माझ्या खोलीत असते, प्रार्थनेचं पुस्तक उशाशी असतं. कधी कधी पत्र उघडते. वाचायची गरज नाही, तरी उघडते, आणि अजून, या वयात, नजर आधी माझं नाव शोधते. ते एकदा आहे. तिचं चार वेळा.